वेताळ रंगवणारा हात

कॉमिक जमवणाऱ्यांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली जात नायकाच्या भक्तांची. वेताळाचे म्हणून जे जे असेल ते त्यांना हवे. मग चित्रे कोणाची आणि गोष्ट कोणाची, याची त्यांना फिकीर नसते. दुसरी जात आकड्यांच्या भक्तांची. एक ते पन्नास अंक जमले आणि सदतिसावा तेवढा राहिला, तर यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि तो मिळाला की पुन्हा उघडून पाहण्याची त्यांना गरज वाटत नाही. तिसरी जात अगदी अल्पसंख्य आहे. हा माणूस अंक हातात घेतो, मुखपृष्ठ उजेडाकडे धरतो, कोपऱ्यात सही आहे का पाहतो, आणि सही नसली तरी 'हात त्याचाच' अशी खूणगाठ बांधून अंक विकत घेतो. आतली गोष्ट आधी तीनदा वाचलेली असो, टाचण्या गंजून पाने सुटलेली असोत, मधल्या पानाचे कोणी विमान केलेले असो. वरचे चित्र शाबूत असले म्हणजे त्याला पुरते. मी या तिसऱ्या जातीचा आहे, आणि ज्याच्यासाठी मी या जातीत शिरलो त्या चित्रकाराविषयी चार शब्द लिहावेत, असा माझा विचार आहे.

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुखपृष्ठ म्हणजे दुकानाची पाटी. पाट्या जमवून मिठाईची चव कळते का? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी तरी तो घेऊ नये. १९१६ साली मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. तो वार्षिक विकत घेताना आपण आतल्या कथाकारांची यादी आधी वाचत होतो, की दलालांचे चित्र आधी पाहत होतो, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशीच द्यावे. रघुवीर मुळगावकरांचे तेच. कित्येक घरांत अंकाची पाने वाळवीने खाल्ली, पण मुखपृष्ठ तेवढे काचेच्या चौकटीत जाऊन देवघराशेजारी बसले. पाटी म्हणून जन्माला आलेले चित्र पाटीचे काम संपल्यावरही घरात राहिले, तर त्याला नुसती पाटी म्हणता येत नाही.

दलाल आणि मुळगावकर यांना निदान नाव मिळाले. त्यांची सही वाचकाला अक्षर ओळखीचे असावे तशी ओळखीची होती. कॉमिकच्या मुखपृष्ठकाराच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. मुलाला नायकाचे नाव ठाऊक असते, विक्रेत्याला किंमत ठाऊक असते, आणि ज्याच्या चित्राने मुलाला दुकानापाशी थांबवले तो कोणालाच ठाऊक नसतो. माझा चित्रकार या तिसऱ्यांपैकी. त्याचे नाव बी. गोविंद, पुरते नाव गोविंद ब्राह्मणिया.

बेनेट, कोलमन कंपनीने, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चालकांनी, मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ती निघाली, आणि १९९० साली बंद पडेपर्यंत तिचे आठशेहून अधिक अंक झाले. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. हा वेताळ मूळचा अमेरिकन. ली फॉक या लेखकाने तो १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी निर्माण केला. आपल्याकडे त्याचे नामकरण ज्याने केले त्याच्या कानाची तारीफ केली पाहिजे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. तो रात्री शिवेवरून फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. फॉकचा नायकही 'चालते भूत' म्हणूनच जंगलात प्रसिद्ध. नाव असे चपखल बसले की मराठी मुलाला तो परका वाटलाच नाही.

पण नाव बदलले तरी आतली पाने परकीच होती. ती मुळात पुस्तकासाठी काढलेलीही नव्हती. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची पट्टी येई. त्या पट्ट्या कापायच्या, जोडायच्या, काही गाळायच्या आणि पानाच्या मापात बसवायच्या, अशी ती रचना. कथाभूमीचे नाव इकडे 'डेंकाली' केले गेले, सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. अशी डागडुजी पुष्कळ झाली. तरी चित्रे होती तीच राहिली: थोडी विल्सन मॅककॉयची, आणि १९६१ साली मॅककॉय वारल्यानंतर ज्याच्याकडे वेताळ आला त्या साय बॅरीची. म्हणजे सुरुवातीच्या इंद्रजालमध्ये ही कापाकापी न झालेले, एकाच नजरेत पाहायचे म्हणून काढलेले आणि इथल्या माणसाने काढलेले असे मुख्य चित्र कोणते, तर मुखपृष्ठ! पहिल्या सुमारे पन्नास अंकांची ही मुखपृष्ठे गोविंदने रंगवली. मुखपृष्ठासाठी अंक जमवतो असे मी म्हणतो तेव्हा साल जमवून गर फेकतो असा त्याचा अर्थ होत नाही. या अंकांपुरते बोलायचे तर इथल्या मातीतला गर बाहेरच्या बाजूलाच आहे.

आता त्या चित्रकारापुढे अडचणी काय होत्या त्या पाहू; कारण चित्रकाराची थोरवी त्याने सोडवलेल्या अडचणींवरून कळते.

पहिली अडचण डोळ्यांची. वेताळाच्या मुखवट्यातून बुबुळे दिसत नाहीत, नुसता पांढरा भाग दिसतो. ग्रीक पुतळ्यांवरून ही कल्पना सुचली, असे फॉक सांगत असे. गोष्टीत ही युक्ती फार परिणामकारक आहे. डोळे न दिसणारा माणूस कोठे पाहतो आहे हे शत्रूला कळत नाही आणि त्याची भीती वाढते. पण मुखपृष्ठकाराचे काय? चित्रातला माणूस आपल्याशी बोलतो तो डोळ्यांनी. दलालांच्या स्त्रियांचे डोळे झाकून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. वेताळाच्या बाबतीत हे हत्यार चित्रकाराच्या हातातून आधीच काढून घेतले होते. राग, सावधपणा, दया हे सारे त्याला खांद्यांतून, मानेच्या वळणातून, मुठीच्या आवळण्यातून दाखवायचे होते. गोविंदचा वेताळ मला आवडतो तो या ठिकाणी. त्याचे शरीर बोलते. मॅककॉयचा वेताळ रेषेचा होता, साधा, काहीसा कागदी; त्यात एक भाबडा गोडवा होता हे मी नाकारत नाही. गोविंदने त्याच वेताळाला वजन दिले. दंडावरचा उजेड, बरगडीखालची सावली, झेप घेण्याआधी पायावर तोललेला भार यांतून, या माणसाने ठोसा मारला तर तो लागेल असा भरवसा पाहणाऱ्याला येतो. साहसकथेच्या मुखपृष्ठाला याहून मोठे काय साधायचे असते?

दुसरी अडचण रंगाची. फॉकच्या मनातला वेताळ करडा होता. १९३९ साली रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा झाला आणि अमेरिकेत जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत तांबडा. जांभळा रंग हिरव्या जंगलात दबून राहणाऱ्या माणसाला शोभत नाही, हे सांगायला चित्रकार लागत नाही. शिवाय हा रंग छपाईत लहरी. शाई थोडी जास्त झाली की तो काळवंडतो, कमी झाली की आजारी दिसतो. यावर उपाय चित्रकारांना जुना ठाऊक आहे. जांभळ्याला पिवळा खुलवतो आणि नारिंगी पुढे आणतो. म्हणूनच वेताळाची चांगली मुखपृष्ठे पाहताना नायकाकडे पाहून झाले की मी त्याच्या मागे पाहतो. आग, मशाल, मावळतीचे आभाळ यांपैकी मागे जे असते ते नुसते गोष्टीसाठी नसते. त्या हट्टी जांभळ्याला उठाव देण्यासाठी ते असते. अपारदर्शक रंगांचा जाड हात आणि कडेला निसटता उजेड ही गोविंदची हत्यारे या कामी त्याला फार उपयोगी पडली.

तिसरी अडचण जागेची. मुखपृष्ठाचा वरचा भाग मालिकेच्या नावाचा, एक तुकडा गोष्टीच्या नावाचा, एक कोपरा किंमतीचा. उरलेल्या जागेत घोडा, लांडगा, वाघ, खलनायक आणि संकटात सापडलेली एखादी बाई हे सारे मागणी करत उभे. कच्चा चित्रकार सगळ्यांना आत घेतो आणि चित्राचे बाजारातले मैदान होते. गोविंद निवड करतो. एक आकृती मोठी, दुसरी तिच्यावर चालून येणारी आणि बाकीचे सूचनेने. तो क्षणही नेमका धरतो. मूठ लागण्याच्या आधीचा, दार उघडण्याच्या आधीचा क्षण. निकाल आतल्या पानांत असतो, म्हणून मूल अंक उघडते. पाटीचे काम आणि चित्राचे काम इथे एकच होऊन जाते.

निवड न करताही थोर मुखपृष्ठकार होता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे, आणि न्यायबुद्धीने ते सांगितले पाहिजे. १९०५ साली पोर्तो रिकोत जन्मलेला अ‍ॅलेक्स शॉम्बर्ग हा मुखपृष्ठांसाठीच अंक जमवणाऱ्यांचा तिकडचा मोठा देव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च वगैरे नायकांची मुखपृष्ठे काढली. सारी मिळून त्याची मुखपृष्ठे पाचशेवर भरतात. त्याच्या चित्रात सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नसते. वर विमान, खाली पाणबुडी, मध्ये कापून दाखवलेले गुप्त यंत्र, दोरावरून झोकांडी घेणारा नायक आणि चारी बाजूंनी शत्रू! तरी डोळा गोंधळत नाही, कारण त्या गर्दीला शॉम्बर्गने कवायत शिकवलेली असते. पुढे त्याने फवाऱ्याच्या ब्रशने गुळगुळीत मुखपृष्ठे काढली आणि त्यांवर स्वतःचे नाव उलटे करून 'झेला' अशी सही केली. फवाऱ्याचा तो मऊपणा पाहून मराठी माणसाला मुळगावकरांची आठवण व्हावी. दोन दूरच्या माणसांनी एकच यंत्र हाती घेतले. एकाने त्यातून देवदेवता उतरवल्या आणि दुसऱ्याने राक्षस आणि यंत्रमानव.

शॉम्बर्गची स्तुती करताना एक गोष्ट मात्र दडवता येत नाही. त्याच्या युद्धकाळातल्या चित्रांत जपानी माणसाला सुळे आहेत. ते त्या काळाचे विष होते आणि त्याने ते कुशल हाताने वाटले. आपला वेताळही या दोषातून सुटत नाही. एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलात सिंहासनावर बसतो आणि काळी माणसे भाले घेऊन त्याच्या भोवती उभी राहतात, ही मांडणीच मुळात सदोष आहे. आणि मुखपृष्ठावर तर ती अधिकच उघडी पडते. गोष्टीला पाने असतात, तिथे काळ्या माणसालाही चार वाक्ये मिळतात. मुखपृष्ठाला एकच चित्र असते. त्यात जो मोठा तो मोठा आणि जो लहान तो लहान. नुकताच स्वतंत्र झालेला आपला देश ही चित्रे इतक्या प्रेमाने का घेत होता, हा प्रश्न रसिकाने स्वतःला विचारावा. चित्रकारावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या चित्रात काय दिसते याकडे डोळेझाक करायची असे नव्हे.

गोविंदच्या पुढच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर सापडते, आणि म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. १९७६ साली इंद्रजालने आबिद सुरती यांचा 'बहादूर' आणला. दरोडेखोराचा मुलगा, भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारून डाकूंशी लढणारा. याची चित्रे गोविंदने काढली. बारा वर्षे आधी जो परक्या नायकाला बाहेरून रंगवत होता, तो आता इथल्या नायकाला घेऊन आतल्या पानांत आला. मुखवटा गेला आणि डोळे आले. बहादूरच्या डोळ्यांत राग दिसतो, संशय दिसतो, बेलाकडे पाहतानाचा संकोचही दिसतो. तरी माझे प्रामाणिक मत असे, की गोविंदचा पिंड मुखपृष्ठकाराचाच होता. त्याची एकेक चौकट भक्कम आहे, पण एका चौकटीतून दुसरीत घसरत जाण्याची जी चाल बॅरीला सहज साधे, ती त्याला कष्टाने साधते. प्रत्येक चौकट त्याला शेवटची वाटते! हा दोष सांगताना मला त्याच्याविषयी अधिकच आपुलकी वाटते. कारण ज्याने वर्षानुवर्षे एकाच चित्रात सगळे सांगितले, त्याला 'पुढे चालू' म्हणणे जड जाणारच.

आता जमवण्याविषयी. या छंदात खरा आनंद ओळखण्याचा आहे. कार्ल बार्क्सची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. तो डोनाल्ड डकच्या गोष्टी लिही आणि काढी, मुखपृष्ठेही करी. पण छापले जाई ते डिस्नेचे नाव. मुलांनी मात्र ओळखले, की या बदकांच्या ढिगात एका माणसाची बदके निराळी आहेत. नाव ठाऊक नसल्यामुळे ती त्याला 'चांगला चित्रकार' म्हणू लागली. १९६० सालच्या सुमारास काही वाचकांनी त्याचा पत्ता लावला आणि त्याला पत्रे लिहिली. म्हणजे समीक्षकांच्या आधी मुलांनी समीक्षा केली, आणि ती बरोबर ठरली! सही नसलेल्या मुखपृष्ठावरून हात ओळखण्याचा प्रयत्न करणारा माणूस याच शाळेतला असतो. तो अंगठा कसा काढला आहे ते पाहतो, घोड्याची मान पाहतो, सावलीची कड धारदार आहे की मऊ ते पाहतो. दहा अंक शेजारी शेजारी मांडले की अकराव्याची जात आपोआप कळते. याला संग्रहच लागतो. एकट्या चित्रावरून हात कळत नाही.

म्हणून या छंदाला सध्या जे वळण लागले आहे ते मला रुचत नाही. अमेरिकेत २००० सालापासून अंकांना दहापैकी गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पेटी फोडली की गुण गेले. वरवर पाहता हा मुखपृष्ठाचा विजय आहे, कारण पेटीतून फक्त मुखपृष्ठच दिसते. पण तिथे चित्राला गुण नसतात. कोपरा दुमडला आहे का आणि टाचणी गंजली आहे का याला असतात. भिकार चित्राचा कोरा अंक वर जातो आणि उत्तम चित्राचा हाताळलेला अंक खाली येतो. हे म्हणजे गवयाला त्याच्या अंगरख्याच्या इस्त्रीवरून बिदागी देणे झाले. आपल्याकडेही जुन्या इंद्रजालचे भाव चढले आहेत, आणि अंकाचा क्रमांक विचारणारे पुष्कळ भेटतात. चित्र कोणाचे असे विचारणारा एखादा.

याच्या उलट टोकाची हानी आपल्या वाचनालयांनी केली, तीही चांगल्या हेतूने. एका वाचनालयात मला जुन्या मासिकांचे आणि कॉमिकांचे जाड बांधीव खंड दाखवण्यात आले. बांधणी पक्की, पुठ्ठा मजबूत, पाठीवर सोनेरी अक्षरे. मी विचारले, "मुखपृष्ठे कुठे आहेत?" तेथील वृद्ध गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बांधताना काढून टाकतात हो. त्यांत वाचायला काय असतं?" मजकूर जपला आणि चित्र केराच्या टोपलीत गेले. अशा चित्रांची मूळ रंगवलेली पाने छापखान्यातून चित्रकाराकडे परत येतच असत असे नाही, आणि ती जपून ठेवण्यासारखी आहेत असेही फार थोड्यांना वाटे. तेव्हा शेकड्यांनी छापलेला तो स्वस्त कागद हीच त्या चित्राची उरलेली प्रत. मळका, दुमडलेला, मागे कोणा बाळूचे नाव पेन्सिलीने लिहिलेला असा एक अंक कोणीतरी ठेवतो, तेव्हा तो एका चित्रकाराचे काम ठेवत असतो.

आमच्या घरी या संग्रहाला 'वेताळाचा पसारा' म्हणतात, आणि दर वर्षी साफसफाईच्या दिवसांत त्याच्यावर संक्रांत येऊ पाहते. या अंकाच्या वाचकांच्या घरीही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी तासभर उघडून बसावे, घरातल्या मुलांनाही बोलवावे. अंक क्रमांकाने लावू नयेत, हाताने लावावेत. एकसारखी दिसणारी चित्रे एकत्र ठेवावीत आणि कोपऱ्यांत सही शोधावी. जिथे सही सापडेल तिथे चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव लिहून अंकात घालावी. जिथे सापडणार नाही तिथे मुलांना विचारावे. हात ओळखण्यात मुले आपल्यापेक्षा सहसा कमी चुकतात.